दधिवामनाची दालमा

“मीठ बरोबर आहे?”

“बरोबर आहे, अजा.”

“कशावरून?”

आर्तत्राणाचा हात मडक्याच्या झाकणावर होता, तो तिथंच राहिला. प्रश्न साधा होता, कुठल्याही स्वयंपाकघरात दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा. 

“हाताच्या अंदाजावरून,” तो म्हणाला.

उंबऱ्याशी भिंतीला पाठ लावून बसलेल्या बइधरांनी नुसतं ‘हूं’ केलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर माणूस आला की सावली तेवढी दिसायची. कान मात्र अजून तिखट होते.

“अंदाजाने मीठ घालणारा ‘बरोबर आहे’ म्हणत नाही,” ते म्हणाले.

“मग काय म्हणतो?”

“‘घातलंय’ म्हणतो.”

…

चुलीत लाकूड तडकलं. आर्तत्राणाने नाकातोंडावर बांधलेलं फडकं उगाचच आणखी घट्ट केलं.

कुसुपडा हे गाव ओडिशातलं, समुद्रापासून दोन कोस आत. गावात दधिवामनाचं देऊळ आहे. दधिवामन म्हणजे जगन्नाथच, पण एकटा. भाऊ-बहीण सोबत नसलेला. या एकट्या देवाची चूल पन्नास वर्षं बइधरांकडे होती. त्या चुलीचा नियम एकच आणि तो फार कडक: देवाच्या आधी कुणी जेवायचं नाही. म्हणजे चाखायचं नाही, आणि वाससुद्धा ओढून घ्यायचा नाही. वाफ तोंडावर आली तर मान वळवायची. एक थेंब जरी स्वयंपाक्याच्या जिभेला लागला तरी सगळं उष्टं. मग मडकी फोडायची, अन्न विहिरीमागच्या खड्ड्यात पुरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

आणि हा नियम पाळायचा कुणी, तर आर्तत्राणाने!

भुवनेश्वरच्या एका हॉटेलात त्याने आठ वर्षं काढली होती. त्याच्या हातचा छेनापोड खायला लोक कटकहून गाड्या काढून यायचे. ताजा छेना, म्हणजे नासवलेल्या दुधाचं पनीर, साखरेत मळायचा, साल वृक्षाच्या पानांत गुंडाळायचा आणि निखाऱ्यांत भाजत ठेवायचा. बाहेरून करपलेला, आतून लोण्यासारखा. पाहताना वाटतं हे जळलं, टाकून द्यावं. एक घास खाल्ला की टाकून देणाऱ्याचा राग येतो. त्या हॉटेलात त्याने चाखल्याशिवाय एक वाटीही बाहेर जात नसे. मालक पाहुण्यांना त्याचं नाव सांगायचा नाही, त्याच्या जिभेचं कौतुक सांगायचा.

ती नोकरी सोडून तो गावी आला, या चुलीसाठी. त्याच्या वडिलांनी तीस वर्षं याच चुलीला विहिरीचं पाणी वाहिलं आणि डवल्याला, म्हणजे देवाच्या चुलीवरच्या पळीला, हात न लावताच ते गेले. बइधर वडिलांचे काका, म्हणून आर्तत्राण त्यांना अजा, म्हणजे आजोबा, म्हणे. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली त्याने लाकडं फोडली, नारळ खवले, मोहरी वाटली. शेवटी काल बइधर म्हणाले होते, “उद्या यात्रा, सात गावं येतील. उद्याचा नैवेद्य तुझा. नीट पार पडला तर डवला कायमचा तुझ्या हातात देतो. नाही तर शेजारच्या गावातून माणूस आणतो.”

एवढंच. म्हाताऱ्याला लांबण लावायची सवय नव्हती.

…

“अजा,” आर्तत्राण म्हणाला, “दोन वर्षांत मीठ मोजायला शिकलोय मी. म्हणून म्हटलं, बरोबर आहे.”

“बरं.”

“तुमचा विश्वास नाही?”

“मी पुढं विचारलं का काही?”

खरंच विचारलं नव्हतं. हेच तर वाईट होतं. म्हाताऱ्याने एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

घडलं होतं ते एवढंच. पहाटे दालमेला उकळी फुटली. तुरीची डाळ, कच्चं केळं, भोपळा, सुरण, वर खोबरं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. देवाच्या चुलीवर या मंडळींना प्रवेश नाही. त्यात मीठ घालून झालेलं. आर्तत्राण मडक्याकडे पाहत उभा राहिला. जरा जास्त पडलं असेल तर? सात गावांसमोर दालमा खारट निघाली तर? डवला गेला. वडिलांची तीस वर्षं गेली.

बइधर बाहेर पाठमोरे बसले होते. आर्तत्राणाने फडकं खाली ओढलं, डावा तळहात पुढे केला, डवल्यातला थेंब त्यावर टाकला आणि चाटला.

मीठ अगदी नेमकं होतं. कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही. त्याला इतका आनंद झाला की हात धुवायचंही सुचलं नाही. फडकं वर बांधून तो पुढच्या मडक्याकडे वळला.

आता ती सगळी मडकी रांगेत उभी होती. एकवीस. तुपातला गोडसर भात, त्याला तिकडे कनिका म्हणतात. मोहरीच्या वाटणातली भाजी, तिचं नाव बेसर. आंबटगोड खटा. दाट खीर. हळदीच्या पानात उकडलेला एंडुरी पिठा, म्हणजे आपल्या कोकणातल्या पातोळ्यांचा सख्खा नातेवाईकच. अरिसा तर इतका अनरशासारखा की दोघांना शेजारी ठेवलं तर ओळख पटवून द्यावी लागावी. आणि सगळ्यांच्या कडेला, पानांत गुंडाळलेला, काल संध्याकाळपासून निखाऱ्यांत भाजलेला छेनापोड.

असा नैवेद्य कुसुपड्याने कैक वर्षांत पाहिला नव्हता. आर्तत्राणाला ते ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं त्याच्या पाठीच्या कण्यात दिसत होतं.

…

“झालं का रे?” बनमाळी पुजारी धापा टाकत दारात आले. “वेळ झाली. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. माणसं पहाटेपासून उपाशी आहेत.”

आर्तत्राणाने बइधरांकडे पाहिलं.

“याला विचारा,” बइधर म्हणाले.

“काय विचारायचं त्यात? आर्त, झालंय ना?”

…

“झालंय,” आर्तत्राण म्हणाला.

“मग उचल,” बइधर म्हणाले. बस्स, एवढंच.

पहिलं मडकं दालमेचं जायचं, अशी तिथली रीत. आर्तत्राणाने ते खांद्यावर घेतलं. चुलीपासून गाभाऱ्यापर्यंत तीस पावलं होती. लहानपणी वडिलांच्या मागे पाण्याची कळशी घेऊन चालताना त्याने ती मोजली होती.

बनमाळी पुढे ओरडत चालले, “बाजूला व्हा! नैवेद्य येतोय! बाजूला!”

माणसं दोन्हीकडे सरली. हात जोडले गेले. कुणी खांद्यावरचा गमछा काढून जमिनीला डोकं टेकलं. आठवं पाऊल. नववं. चिंचेखाली कुंतळा माउसी बसली होती. साठीची बाई, पाच कोस चालून आलेली. तिने सूर्य उगवल्यापासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मडकं समोरून गेलं तशी तिने डोळे मिटले आणि ओठ हलवले.

आर्तत्राणाला ते ओठ पाहवेनात. ही बाई उपाशी आहे, आणि आपण सकाळीच जेवून मोकळे झालोय.

एक थेंब, त्याने स्वतःला सांगितलं. थेंबाला जेवण म्हणतात का?

सतरावं पाऊल. अठरावं.

कुणी पाहिलं नाही. अजांना दिसत नाही. आणि दालमा तर चांगली आहे! देवाला वाईट द्यायचं नव्हतं, म्हणूनच तर चाखली. यात पाप कसलं?

पंचविसावं.

गाभाऱ्याच्या पायरीशी बनमाळी वळले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या मागे, अंधारात, दधिवामन. काळा चेहरा आणि दोन गोल डोळे. त्या डोळ्यांना पापण्याच नाहीत. ते मिटत नाहीत, वळत नाहीत, रागावत नाहीत. नुसते पाहतात.

“दे,” बनमाळी म्हणाले.

आर्तत्राणाने मडकं खांद्यावरून खाली आणलं. बनमाळींच्या हातांवर ते टेकणार, तेवढ्यात त्याने आपले हात बाजूला घेतले.

खाड्‌कन आवाज झाला. डाळ पायरीवरून खाली वाहत गेली.

…

“जय जगन्नाथ!” कुणीतरी दचकून म्हणालं.

“निसटलं, निसटलं,” बनमाळी घाईने म्हणाले. “पायरी ओली आहे. होतं असं एखाद्या वेळी. आर्त, दुसरं आण. दालमेची चार मडकी आहेत ना अजून?”

“भाजलं का रे बाबू?” कुंतळा माउसीने लांबूनच विचारलं.

सुटका समोर उभी होती. त्याने मान हलवली असती की झालं. माणसं हळहळत होती, एक जण तर त्याच्या पायावर टाकायला पाणी घेऊन धावला होता. इतकी माया त्याला कुसुपड्याने आजवर कधी दाखवली नव्हती, आणि तीही नेमकी आज.

“निसटलं नाही,” तो म्हणाला.

“काय?”

“मी सोडलं.” त्याने फडकं खाली ओढलं, कारण आवाज त्यात अडकत होता. “दुसरं आणू नका. मी चाखलंय.”

…

अंगणातली कुजबुज आधी पुढच्या रांगांत थांबली, मग मागच्या.

“चाखलंस?” बनमाळींचा चेहरा लालबुंद झाला. “देवाच्या आधी? आजच्या दिवशी? आणि इथवर घेऊन आलास? माझ्या हातात देत होतास!”

“हो.”

“अरे निर्लज्जा…”

पुढचे शब्द पुजाऱ्यांनी देवासमोर वापरायला नको होते. मागून कुणीतरी ओरडलं, “हाकला त्याला! हॉटेलवाला तो हॉटेलवालाच!” दोघेतिघे उठून उभे राहिले.

दगडावर काठी वाजली. बइधर येत होते. भिंतीला हात लावत, तीस पावलं, एकटे. कुणी आधार द्यायला गेलं नाही. सगळे पाहतच राहिले.

ते फुटलेल्या मडक्यापाशी थांबले. काठीने एक खापर चाचपलं.

“कशाने चाखलंस?”

“डावा तळहात, अजा.”

“धुतलास?”

“नाही.”

“त्या हाताने मग काय काय शिवलास?”

इथंही त्याला कमी सांगता आलं असतं. दालमा आणि भात, एवढं म्हटलं असतं तरी कुणाला काय कळणार होतं?

“दालमा,” तो म्हणाला. “कनिका. बेसर. खटा. खीर.”

“पिठे?”

“उतरवताना शिवलो. एंडुरी, अरिसा, सगळे.”

“छेनापोड?”

…

“छेनापोड?” बइधरांनी पुन्हा विचारलं.

“पानं उघडून पाहिली होती,” आर्तत्राण म्हणाला. “रंग कसा आलाय ते. फक्त एकदाच.”

“मग तोही.”

“बइधर,” बनमाळी म्हणाले, “मडकी फोडायला माझी ना नाही. पण रांधणार कोण? तुमच्याने मडकं उचलवत नाही. शेजारच्या गावातून माणूस बोलवा, मी आत्ता सायकलवाला पाठवतो.”

“ज्याने फोडलं तो रांधेल.”

“हा? आणि याने पुन्हा चाखलं तर?”

“तर पुन्हा फोडेल.”

एवढं बोलून म्हातारा वळला आणि काठी वाजवत चुलीकडे निघाला. कुंतळा माउसी मध्येच उभी राहिली. ती आर्तत्राणाशी बोलली, आणि आता तिच्या आवाजात मघाची माया नव्हती.

“आमचं काय, आम्ही थांबू. आमची पोटं थांबलेलीच असतात. पण तो बसलाय आत, त्याच्या भुकेचा तरी विचार करायचास.”

…

उरलेली वीस मडकी आर्तत्राणाने स्वतः विहिरीमागे नेऊन फोडली. कुणी मदतीला आलं नाही. छेनापोड शेवटी राहिला. पानं सुटली आणि भाजलेल्या साखरेचा वास खड्ड्यातून वर आला. काल संध्याकाळपासून ज्या वासाकडून तो मान वळवत होता, तोच वास. त्याने वर माती लोटली. तेव्हा तो रडला, हे लपवण्यात अर्थ नाही. छेनापोडासाठी रडला की वडिलांसाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग विहिरीवर अंघोळ करून, ओल्या धोतरानिशी तो चुलीपाशी आला.

कुंभाराने जादा दिलेली मडकी आठ होती. कोठारात तांदूळ होते, तूरडाळ होती, कच्ची केळी, अर्धा भोपळा आणि चार नारळ. तूप संपलं होतं, दूध संपलं होतं. नुसता भात आणि दालमा होणार होती. भाताला तीन मडकी, दालमेला पाच.

बइधर पुन्हा उंबऱ्याशी बसले.

आर्तत्राण कामाला लागला. पण हात ते नव्हते. सकाळी भोपळ्याच्या फोडी एकसारख्या पडल्या होत्या. आता एक मोठी, एक लहान. हळद सांडली. निखारा पायावर पडला तरी त्याला उशिरा कळलं. सारखं वाटत होतं, तोंडावरचं फडकं सैल झालंय. तो ते पुन्हा पुन्हा बांधत होता.

डाळ शिजली. त्याने मिठाच्या रांजणात हात घातला.

“किती वेळ आणखी?” बनमाळी दारातून ओरडले. “ऊन कलायला लागलं! दोन म्हाताऱ्यांना चक्कर आलीय. तुझ्यापायी आज देवाला…”

“होतंय,” आर्तत्राण म्हणाला. “आणतोच.”

“आणतोच म्हणे!” बनमाळी बराच वेळ बोलत राहिले. दोन वर्षांत कुणी बोललं नसेल ते सगळं बोलून ते गेले.

आर्तत्राण मडक्यांकडे वळला आणि थबकला.

त्याची मूठ उघडी होती. तळहाताला मिठाचे चार-सहा खडे चिकटले होते. बाकीचं मीठ कुठं होतं?

मडक्यांत पडलं होतं? पाचही मडक्यांत घालून झालं होतं? की बनमाळींचा आवाज ऐकून हात रांजणातच उघडला होता? रांजण अर्धा होता. सकाळीही तो अर्धाच होता. डाळ रटरटत होती. डाळ काही सांगत नव्हती.

पुन्हा घालावं? आधी घातलेलं असेल तर दालमा विषासारखी खारट होईल, घशाखाली उतरणार नाही. न घालावं? नसेलच घातलेलं तर…

त्याने तळहाताकडे पाहिलं. तोच डावा हात. एक बोट. एक थेंब. एका क्षणात सगळं कळलं असतं.

त्याने मूठ मिटून घेतली.

“अजा…”

“काय?”

“मी मीठ घातलं का?”

…

बइधरांनी मान त्याच्या दिशेने वळवली. पांढुरलेले डोळे त्याच्यावर, की त्याच्यापलीकडे कुठंतरी.

“सकाळी तर तुला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि आता?”

“आता ठाऊक नाही.”

“मग झाकण घाल.”

“पण अजा, चुकलं असेल तर? दुसऱ्यांदा? माणसं मला…”

बइधरांनी मान पुन्हा अंगणाकडे वळवली.

आर्तत्राणाने तळहातावरचे खडे रांजणात झटकले, हात धुतला, पुन्हा धुतला आणि पाचही मडक्यांवर झाकणं घातली.

…

या वेळी तीस पावलं त्याने मोजली नाहीत. गाभाऱ्याच्या पायरीशी बनमाळींनी मडकं घेताना त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“काही सांगायचंय?”

“रांधलंय,” आर्तत्राण म्हणाला. दुसरं काही सांगण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं.

दार लोटलं गेलं. आत घंटा वाजत राहिली, बाहेर सात गावं गप्प बसून राहिली. मग दार उघडलं, शंख वाजला, आणि अन्नाचा महाप्रसाद झाला.

पंगत जमिनीवर बसली, जो जिथं होता तिथं. महाप्रसादाच्या पंगतीत कुणी कुणाला तुझी जात कुठली, जागा कुठली, असं विचारत नाही. आर्तत्राण मडकं कमरेवर घेऊन वाढत निघाला. सालाच्या पत्रावळींवर भात, भातावर दालमा. वाढताना तो प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होता.

पण तोंडावरून काय कळणार? प्रसादाला नावं ठेवायची नसतात आणि त्याची तारीफही करायची नसते. माणसं कपाळाला घास लावत होती, तोंडात घालत होती, चावत होती, गिळत होती. कुणी तोंड वाकडं केलं नाही. कुणी पाणी मागितलं नाही.

खारट तर नाही, त्याने मनाशी म्हटलं.

बनमाळी खाली मान घालून जेवत होते. मघाशी ‘हाकला त्याला’ म्हणून ओरडलेला माणूस बोटं चाटत होता. कुंतळा माउसीसमोर तो आला तेव्हा तिची पत्रावळ रिकामी होती.

“वाढ,” ती म्हणाली.

त्याने वाढलं.

“अजून.”

त्याने आणखी वाढलं. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पाहतच राहिली, मग भात कालवायला लागली.

आर्तत्राणाच्या छातीवरचा धोंडा उतरला. जमलंय! हात विसरला नव्हता. घाबरलेला असतानाही हाताने आपलं काम चोख केलं होतं. पुढची पंगत वाढताना त्याचा कणा पुन्हा ताठ व्हायला लागला होता.

…

सगळ्यांचं झाल्यावर तो बसला. मडक्याच्या तळाशी दोन डवले दालमा उरली होती. दिवसभरात त्याने तेवढा एक थेंबच काय तो खाल्ला होता. घास कपाळाला लावून त्याने तोंडात घातला.

डाळ होती. केळं होतं, भोपळा होता, खोबरं होतं.

मीठ नव्हतं.

त्याने दुसरा घास घेतला, की पहिल्या घासाचीच चूक असेल. तिसरा घेतला. कुठंच नव्हतं. अळणी, ठार अळणी. ज्याच्या जिभेवर एक हॉटेल चाललं, त्याने सात गावांना बिनमिठाची दालमा जेवू घातली होती आणि वर ताठ मानेने वाढली होती.

तो अर्ध्या पानावरून उठला, मग आठवलं की प्रसाद टाकायचा नसतो. पुन्हा बसला. एकेक घास गिळत त्याने पान संपवलं. तेवढं सोसल्यावर तो डवला घेऊन बइधरांकडे गेला.

म्हातारा अजून जेवत होता. दात नव्हते, त्यामुळे त्यांना वेळ लागायचा.

“अजा, दालमा अळणी आहे.”

“हो.”

“मी मीठ घातलंच नव्हतं. पाच मडक्यांत चिमूटभरसुद्धा नाही.”

“हो.”

“तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

बइधर पत्रावळीवरची शितं बोटाने टिपत होते.

“कुणीच काही बोललं नाही,” आर्तत्राण म्हणाला. “माउसीने तर दोनदा मागून घेतली. सगळे माझ्यावर चिडलेले होते, मग बोलले का नाहीत?”

…

“सकाळची दालमा, अजा…” तो म्हणाला. “सकाळची अगदी बरोबर होती हो. तशी मला पुन्हा जमायची नाही.”

बइधरांनी शेवटचं शीत उचललं.

आर्तत्राणाने डवला त्यांच्या पायाशी ठेवला. करवंटीचा, लाकडी दांडीचा, पन्नास वर्षांच्या वाफेने काळा झालेला. त्यावर त्याने डोकं टेकलं.

“शेजारच्या गावाला मीच जातो सांगायला,” तो म्हणाला. “तुम्ही निरोप धाडू नका. माझी चूक, मीच सांगेन.”

तो उठायला लागला.

“पाणी दे,” बइधर म्हणाले.

त्याने तांब्यातून पाणी घातलं. म्हाताऱ्याने हात धुतले, सावकाश, एकेक बोट. खांद्यावरच्या गमछ्याला पुसले. मग ते वाकले, जमीन चाचपली, डवला उचलला. करवंटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. आर्तत्राणाचा हात शोधून काढला, डावा. डवला त्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हाताने त्यावर मिटली.

“उद्या मीठ घाल.”